मार्केट कॅप नेमकं मोजायचं कसं? लार्ज, मिड, स्मॉल, फ्री फ्लोट… आकडे जुळत नाहीत

अंबड_लिंकरोड | नाशिक

नमस्कार मंडळी. डिमॅटमध्ये बॉश, एचएएल, सुला आणि एमआरएफ असे चार शेअर आहेत, शिवाय एका मिडकॅप फंडात एसआयपी चालू आहे. एकूण पैशांपैकी किती मोठ्या कंपन्यांत, किती मधल्या आणि किती छोट्या कंपन्यांत आहेत, हे काढायचं आहे. मार्केट कॅप म्हणजे शेअरचा भाव गुणिले शेअरची संख्या, एवढं माहीत आहे. अडतंय पुढे.

एक तर शेअरची संख्या घ्यायची कुठून? एका ॲपवर वेगळी, दुसऱ्यावर वेगळी. एकाच दिवशी एकाच कंपनीचं मार्केट कॅप एका ठिकाणी जवळपास तिप्पट दिसलं. दुसरं म्हणजे, '२० हजार कोटींच्या वर लार्ज कॅप, ५ ते २० हजार कोटी मिड, त्याखाली स्मॉल' असा नियम बऱ्याच ठिकाणी वाचला. त्या हिशोबाने एमआरएफ लार्ज ठरते, पण फंडाच्या माहितीपत्रकात ती मिडकॅप आहे. आणि माझ्या मिडकॅप फंडात चक्क लार्जकॅप शेअर आहेत, ते कसे चालतात?

नुसती व्याख्या नको, कुठून कोणता आकडा उचलायचा ते सांगा.

—

सातपूर_ताळेबंद

दादा, भाव कुठेही बरोबरच मिळतो. घोळ होतो तो शेअरच्या संख्येत, म्हणून आधी तीच पक्की करू.

सगळ्यात खात्रीची जागा म्हणजे कंपनीने दर तिमाहीला एक्सचेंजला दिलेला शेअरहोल्डिंग पॅटर्न. तिमाही संपल्यापासून २१ दिवसांत तो द्यावाच लागतो. बीएसईच्या साइटवर कंपनीचं पान उघडा, शेअरहोल्डिंग पॅटर्नमध्ये जा आणि शेवटची तिमाही निवडा. पहिल्या सारांश तक्त्यात 'अ' म्हणजे प्रमोटर आणि त्यांचा गट, 'ब' म्हणजे पब्लिक, 'क' म्हणजे दोन्हींत न बसणारे. या 'क'मध्ये डिपॉझिटरी रिसीटच्या मागे असलेले शेअर आणि कर्मचारी ट्रस्टचे शेअर येतात. सगळ्यात खालच्या एकूण ओळीतली संख्या तुम्हाला हवी आहे. तिथेच पूर्ण भरणा झालेले आणि अंशतः भरणा झालेले शेअर वेगवेगळ्या रकान्यांत असतात. अंशतः भरणा झालेले असतील तर त्यांचा भाव वेगळा असतो, त्यांना मुख्य शेअरच्या भावाने गुणू नका.

दुसरा मार्ग ताळेबंदातून. भरणा झालेलं भागभांडवल भागिले फेस व्हॅल्यू, म्हणजे शेअरची दर्शनी किंमत. तुमच्याच शेअरवर करून बघा:

बॉश: भांडवल २९.४९ कोटी रुपये, फेस व्हॅल्यू १०, म्हणजे साधारण २.९५ कोटी शेअर.
एचएएल: भांडवल ३३४.३९ कोटी, फेस व्हॅल्यू ५, म्हणजे ६६.८८ कोटी शेअर.
एमआरएफ: भांडवल ४.२४ कोटी, फेस व्हॅल्यू १०, म्हणजे फक्त ४२.४१ लाख शेअर.
सुला: फेस व्हॅल्यू २, शेअर साधारण ८.४ कोटी.

आता यात लोक कुठे चुकतात ते सांगतो.

भागभांडवलाच्या टीपेत सगळ्यात वर 'अधिकृत भांडवल' छापलेलं असतं. ती फक्त कमाल मर्यादा असते, तेवढे शेअर बाजारात असतातच असं नाही. खाली उतरून 'भरणा झालेलं' ही ओळ पकडायची.

फेस व्हॅल्यू जुनी धरली की उत्तर दुप्पट किंवा निम्मं येतं. एचएएलचा शेअर सप्टेंबर २०२३ मध्ये १० रुपयांवरून ५ रुपयांवर स्प्लिट झाला. शेअर ३३.४४ कोटींचे ६६.८८ कोटी झाले आणि भाव त्याच दिवशी निम्म्यावर आला. मार्केट कॅप जिथल्या तिथे. पण एखाद्या ॲपने भाव नवा घेतला आणि संख्या जुनीच ठेवली, तर कंपनी एका रात्रीत अर्धी झालेली दिसते. स्प्लिट किंवा बोनसनंतरचे काही दिवस ॲपच्या आकड्यावर विसंबू नका, हातानेच गुणा.

तिसरी चूक हुशार माणसंही करतात. निव्वळ नफ्याला ईपीएसने (प्रति शेअर नफ्याने) भागून शेअरची संख्या काढतात. पण ईपीएस काढताना वर्षभराची भारित सरासरी संख्या वापरलेली असते. समजा कंपनीचे १० कोटी शेअर होते आणि १ जानेवारीला तिने ४ कोटी नवे दिले. ३१ मार्चला बाजारात आहेत १४ कोटी. सरासरीत मात्र नव्या शेअरचे ९० दिवसच मोजले जातात, म्हणून संख्या येते साधारण ११ कोटी. तुमचं मार्केट कॅप सरळ २१ टक्क्यांनी कमी निघतं.

चौथी चूक एककांची. काही कंपन्या आकडे लाखात देतात, काही कोटीत, काही मिलियनमध्ये. १ मिलियन म्हणजे १० लाख, १ बिलियन म्हणजे १०० कोटी, १ ट्रिलियन म्हणजे १ लाख कोटी. तक्त्याच्या वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात एकक लिहिलेलं असतं, ते आधी वाचायचं.

छोट्या कंपन्यांत आणखी एक गोष्ट बघा: वॉरंट (ठरलेल्या भावाने पुढे शेअर घेण्याचा हक्क), परिवर्तनीय रोखे (नंतर शेअरमध्ये बदलणारे), कर्मचाऱ्यांचे ईसॉप (त्यांना मिळणारे शेअर घेण्याचे हक्क). प्रेफरन्शियल, म्हणजे निवडक लोकांना दिलेल्या वॉरंटमध्ये घेणारा २५ टक्के रक्कम आधी भरतो आणि उरलेली १८ महिन्यांच्या आत भरून शेअर घेतो. तोवर ते शेअर एकूण संख्येत दिसत नाहीत. १० कोटी शेअरच्या कंपनीने ३ कोटी वॉरंट दिलेले असतील, तर आजचं मार्केट कॅप १० कोटींवर काढा, पण कंपनी स्वस्त की महाग हे १३ कोटींवर ठरवा.

—

पंचवटी_इंडेक्स

सातपूरकरांनी संख्या नीट सांगितली आहे. तिप्पट फरकाचं उत्तर फ्री फ्लोटमध्ये आहे. बीएसईच्या पानावर एम-कॅप फुल आणि एम-कॅप एफएफ असे दोन आकडे जवळजवळच असतात. एनएसईवरही एकूण आणि फ्री फ्लोट दोन्ही दिलेले असतात. एका ॲपने एक उचलला असेल, दुसऱ्याने दुसरा.

फ्री फ्लोट म्हणजे बाजारात खरोखर हात बदलू शकतील एवढ्याच शेअरचं मूल्य. प्रमोटरचे, लॉक-इनमधले (ठरावीक काळ विकता न येणारे), कर्मचारी ट्रस्टचे, दुसऱ्या कंपनीने धोरण म्हणून धरून ठेवलेले शेअर वगळायचे आणि उरलेल्यांना भावाने गुणायचं.

नाशिककरांना रोज दिसणाऱ्या दोन कंपन्या घेऊ. ओझरला विमानं बांधणारी एचएएल आणि इथे गाड्या बनवणारी महिंद्रा. भाव रोज हलतो म्हणून गोल आकडे धरतो.

एचएएल ४,५०० रुपये धरला तर ६६.८८ कोटी शेअरचे झाले साधारण ३ लाख १ हजार कोटी. पण सरकारकडे ७१.६४ टक्के आहेत. बाहेर उरले २८.३६ टक्के, म्हणजे फ्री फ्लोट साधारण ८५ हजार कोटी.

महिंद्रा अँड महिंद्रा ३,००० रुपये धरला तर १२४.३५ कोटी शेअरचे ३ लाख ७३ हजार कोटी. प्रमोटरकडे १९ टक्क्यांपेक्षा कमी. ढोबळ हिशोबाने फ्री फ्लोट ३ लाख कोटींच्या घरात.

एकूण मूल्यात महिंद्रा एचएएलच्या जेमतेम सव्वापट. फ्री फ्लोटमध्ये मात्र महिंद्रा साडेतीनपट. निर्देशांकातलं वजन फ्री फ्लोटवर ठरतं, म्हणून महिंद्राचा भाव एक टक्का हलला तर निर्देशांकाला जो धक्का बसेल, तेवढा एचएएल एक टक्का हलल्याने बसणार नाही. सेन्सेक्स १ सप्टेंबर २००३ पासून आणि निफ्टी ५० जून २००९ पासून फ्री फ्लोट पद्धतीने मोजला जातो. त्याआधी एकूण मूल्य धरायचे, त्यामुळे बाजारात मूठभरच शेअर असलेल्या सरकारी कंपन्यासुद्धा निर्देशांक ओढून न्यायच्या.

टोकाचं उदाहरण एलआयसीचं. मे २०२२ मध्ये नोंदणी झाली तेव्हा सरकारकडे ९६.५ टक्के राहिले. ६३२ कोटींच्या आसपास शेअर असलेली एवढी अवाढव्य कंपनी, पण बाहेर फिरणारा भाग साडेतीन टक्के. एकूण मार्केट कॅपच्या यादीत ती खूप वर दिसते, फ्री फ्लोटच्या यादीत कुठल्या कुठे खाली जाते. उलट एल अँड टी, आयटीसी, आयसीआयसीआय बँक यांना प्रमोटरच नाही. त्यांच्या मूल्याचा मोठा भाग निर्देशांकात मोजला जातो.

तुमच्या कामापुरतं: लार्ज-मिड-स्मॉल ठरवताना एकूण मार्केट कॅप घ्या, फ्री फ्लोट नाही.

—

कॉलेजरोड_फंडवाली

अंबडदादा, २० हजार कोटींचा नियम डोक्यातून काढून टाका. तशी रुपयांतली रेघ आज अस्तित्वात नाही.

सेबीने ६ ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकात क्रमांकावर व्याख्या बांधली. एकूण मार्केट कॅपच्या उतरत्या क्रमाने १ ते १०० लार्ज, १०१ ते २५० मिड, २५१ पासून पुढे सगळ्या स्मॉल. भाव एका दिवसाचा नाही, आधीच्या सहा महिन्यांची सरासरी. ही यादी ॲम्फी, म्हणजे म्युच्युअल फंड कंपन्यांची संघटना, वर्षातून दोनदा काढते, जून आणि डिसेंबरअखेरच्या आकड्यांवर.

क्रमांकावर व्याख्या असल्यामुळे रुपयांतली सीमा बाजाराबरोबर वरखाली होते. २०१७ च्या अखेरीस १०० व्या कंपनीचं मूल्य ३० हजार कोटींच्या आतच होतं. डिसेंबर २०२४ च्या यादीत तीच सीमा साधारण १ लाख कोटींवर गेली, आणि मिड-स्मॉलमधली रेघ ३३ हजार कोटींच्या आसपास होती. मधे २०२० साली बाजार कोसळला तेव्हा ती खालीही आली होती. एखाद्या कंपनीचं मूल्य दीडपट झालं आणि तरी ती लार्जची मिड झाली, असंही होतं, कारण बाकीच्या तिच्याहून वेगाने वाढल्या.

परदेशी लेखांत १० बिलियन डॉलरच्या वर लार्ज, २ ते १० मिड, ३० कोटी डॉलर ते २ बिलियन स्मॉल अशी ढोबळ विभागणी असते. ती अमेरिकेतली वहिवाट आहे. ८५ रुपयांचा डॉलर धरला तर २ बिलियन म्हणजे १७ हजार कोटी. म्हणजे आपल्याकडे २५ हजार कोटींची जी कंपनी स्मॉलकॅप आहे, ती त्या मापाने मिडकॅप ठरेल. दोन मापं एकत्र करू नका.

ॲम्फीची यादी कशी वाचायची: त्यांच्या साइटवरून एक्सेल फाइल उतरवा. डावीकडून अनुक्रमांक, कंपनीचं नाव, आयसिन (शेअरचा ओळख क्रमांक), मग बीएसईचं चिन्ह आणि तिथली सहा महिन्यांची सरासरी कोटी रुपयांत, मग एनएसईचं चिन्ह आणि तिथली सरासरी, पुढे सगळ्या एक्सचेंजची मिळून सरासरी, आणि शेवटच्या रकान्यात लार्ज, मिड किंवा स्मॉल. नावाने शोधू नका, आयसिनने शोधा. एकाच गटाच्या चार-पाच कंपन्यांची नावं इतकी सारखी असतात की हमखास गल्लत होते. आयसिन डिमॅटच्या होल्डिंग स्टेटमेंटवर छापलेला असतो. स्प्लिट झाल्यावर आयसिन बदलतो, तेवढं ध्यानात ठेवा.

आता मिडकॅप फंडातले लार्जकॅप शेअर. त्याच परिपत्रकाप्रमाणे मिडकॅप फंडाने किमान ६५ टक्के रक्कम मिडकॅपमध्ये ठेवायची. उरलेल्या ३५ टक्क्यांत तो लार्ज, स्मॉल, रोकड काहीही ठेवू शकतो. स्मॉलकॅप फंडाचंही तसंच ६५ टक्के. लार्जकॅप फंडाला किमान ८० टक्के. लार्ज अँड मिडकॅपला दोन्हीकडे ३५-३५. मल्टीकॅपला सप्टेंबर २०२० च्या परिपत्रकाप्रमाणे तिन्हीकडे किमान २५-२५. फ्लेक्सीकॅपला फक्त ६५ टक्के इक्विटी, आकाराचं बंधन नाही.

'कंपनी मिडची लार्ज झाली की मिडकॅप फंडाला ती विकावीच लागते' हे सर्रास ऐकू येतं, आणि ते चुकीचं आहे. नवी यादी आली की फंडाला महिनाभरात आपलं प्रमाण जुळवायचं असतं. शेअर लार्जमध्ये गेल्यावरही मिडकॅपचा वाटा ६५ टक्क्यांच्या वर असेल तर काहीच विकायची गरज नाही. म्हणून यादी येण्याआधी 'हा शेअर आता लार्ज होणार, फंड तुटून पडणार' असल्या टिप्सवर खरेदी करू नये.

—

अंबड_लिंकरोड

खूप स्पष्ट झालं, आभारी आहे. एमआरएफचं कोडंही सुटलं असं वाटतं: १ लाख रुपये भाव धरला तर ४२.४१ लाख शेअरचे साधारण ४२,४०० कोटी. बरोबर?

अजून दोन शंका. अंबड-सातपूरला ज्यांना आपण 'स्मॉल स्केल' म्हणतो त्यांचा आणि स्मॉलकॅपचा काही संबंध आहे का? आणि मार्केट कॅप दुप्पट असलेली कंपनी खरंच दुप्पट मोठी म्हणायची का? कर्जाचं काय?

—

सातपूर_ताळेबंद

एमआरएफचा हिशोब बरोबर. तिच्या शेजारी व्होडाफोन आयडिया ठेवा म्हणजे भावाचा मोह पुरता सुटेल. एप्रिल २०२५ मध्ये सरकारला स्पेक्ट्रमच्या थकबाकीपोटी १० रुपये दराने ३,६९५ कोटी शेअर दिले गेले, त्यानंतर एकूण शेअर झाले साधारण १०,८३४ कोटी. ८ रुपये भाव धरला तरी मार्केट कॅप ८६ हजार कोटींवर जातं. एक लाखाच्या शेअरच्या दुप्पट. द्राक्षाचा किलोचा भाव ऐकून बाग किती एकरांची ते कळत नाही, तसंच हे.

याच व्यवहारात आणखी एक गोष्ट दिसते. आधी ७,१३९ कोटी शेअर होते. ज्याच्याकडे त्यातले १ टक्का होते, त्याचा वाटा नंतर ०.६६ टक्के उरला. भाव तसूभर न हलता कंपनीचं मार्केट कॅप ५२ टक्क्यांनी वाढतं, आणि जुन्या शेअरधारकाच्या खिशात एक रुपयाही वाढत नाही. त्यामुळे 'पाच वर्षांत मार्केट कॅप तिप्पट' अशी जाहिरात दिसली की त्याच पाच वर्षांत शेअर किती वाढले ते आधी तपासायचं. क्यूआयपी (मोठ्या संस्थांना नवे शेअर विकणं), प्रेफरन्शियल, विलीनीकरण यांनी संख्या वाढते, बायबॅकने (कंपनीने आपलेच शेअर परत घेतल्याने) घटते. डीमर्जरमध्ये उलट होतं: मार्केट कॅप एका दिवसात उतरतं, पण वेगळ्या झालेल्या कंपनीचे शेअर तुमच्या खात्यात येतात. तोटा झालेला नसतो.

—

सिन्नर_एमआयडीसी

स्मॉल स्केलबद्दल: काहीही संबंध नाही. उद्यम नोंदणीतला सूक्ष्म-लघु-मध्यम हा भेद यंत्रसामग्रीतली गुंतवणूक आणि वार्षिक उलाढाल यांवर ठरतो, शेअरबाजाराशी त्याचं देणंघेणं नाही. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म म्हणजे गुंतवणूक २.५ कोटींपर्यंत आणि उलाढाल १० कोटींपर्यंत. लघु म्हणजे २५ कोटी आणि १०० कोटी. मध्यम म्हणजे १२५ कोटी आणि ५०० कोटी. दोन्ही अटी एकदम पाळल्या गेल्या पाहिजेत, एक ओलांडली तरी वरच्या वर्गात जाता. निर्यातीची उलाढाल यात धरत नाहीत.

स्मॉलकॅपमध्ये मात्र २५१ वी कंपनी ३० हजार कोटींची आणि शेवटची काही कोटींची, सगळ्या एकाच डब्यात. माझ्या मते ही या व्याख्येतली सगळ्यात मोठी उणीव आहे. वरच्या दोन्ही वर्गांचा हिशोब अडीचशे कंपन्यांत संपतो आणि उरलेल्या हजारो कंपन्यांना एकच नाव. म्हणून स्मॉलकॅपमध्ये नुसतं नाव बघून थांबू नका, क्रमांक बघा. निफ्टी स्मॉलकॅप २५० मध्ये २५१ ते ५०० येतात, मायक्रोकॅप २५० त्याच्याही खालचे. सुलाचे ८.४ कोटी शेअर २५० रुपयांनी धरले तर २,१०० कोटी होतात. ती आणि ३० हजार कोटींची कंपनी दोन्ही 'स्मॉल', पण जोखमीत जमीन-अस्मानाचा फरक.

एसएमई प्लॅटफॉर्म, म्हणजे लघु-मध्यम कंपन्यांच्या शेअरचा स्वतंत्र बाजार, तर आणखी वेगळा. तिथे अट मार्केट कॅपची नाही, इश्यूनंतरचं भरणा झालेलं भांडवल २५ कोटींच्या आत हवं अशी आहे. फेस व्हॅल्यू १० आणि भाव ४०० असला तर २५ कोटी भांडवलाची कंपनी १,००० कोटींची होते. तिथे खरेदी-विक्री लॉटमध्येच होते आणि निकाल सहा महिन्यांनी येतात.

दुप्पट मार्केट कॅप म्हणजे दुप्पट मोठी कंपनी का? नाही. मार्केट कॅप फक्त मालकांच्या वाट्याची बाजारातली किंमत सांगतं. सावकाराचा वाटा त्यात नसतो. नाशिकरोडच्या नोट प्रेसला बघा: शेकडो हात, प्रचंड छपाई, पण ती पूर्ण सरकारी मालकीच्या, नोंदणी नसलेल्या महामंडळाखाली आहे, म्हणून तिला मार्केट कॅपच नाही. म्हणून काय ती छोटी झाली?

कर्ज धरायचं तर एंटरप्राइझ व्हॅल्यू (ईव्ही) काढा: मार्केट कॅप अधिक एकूण कर्ज, वजा रोकड आणि रोकडीसारख्या ठेवी. उपकंपन्यांत बाहेरच्यांचा वाटा असेल तर तोही मिळवा.

कंपनी 'अ': मार्केट कॅप १,००० कोटी, कर्ज १,५००, रोकड १००. ईव्ही २,४०० कोटी.
कंपनी 'ब': मार्केट कॅप १,००० कोटी, कर्ज शून्य, रोकड ३००. ईव्ही ७०० कोटी.

दोघींचा व्याज, कर आणि घसारा वजा करण्यापूर्वीचा नफा २०० कोटी असेल, तर 'अ' १२ पटीला पडते आणि 'ब' साडेतीन पटीला. मार्केट कॅपच्या यादीत दोघी शेजारी-शेजारी. कर्ज ताळेबंदात दोन ठिकाणी असतं, दीर्घ मुदतीचं आणि अल्प मुदतीचं. दुसरं विसरलं जातं. लीजची देणी धरली तर दोन्ही कंपन्यांना धरा, एकीला धरून दुसरीला सोडू नका. रोकडीत गहाण किंवा बँक हमीपोटी अडकलेल्या ठेवी असतील तर त्या वजा करू नका. आणि बँका, एनबीएफसी, विमा कंपन्यांना हे सूत्र लावायचं नाही. बँकेच्या ठेवी हे तिचं कर्ज नसून धंद्याचा कच्चा माल आहे. तिथे मार्केट कॅप आणि नेटवर्थ (मालमत्ता वजा देणी) यांची तुलना करा.

—

पंचवटी_इंडेक्स

सिन्नरकरांच्या स्मॉलकॅपच्या मुद्द्याला जोडून. मार्केट कॅप म्हणजे शेवटच्या सौद्याचा भाव गुणिले सगळे शेअर. शेवटचा सौदा दहा शेअरचा असला तरी तोच भाव सगळ्यांना लावला जातो. सौदेच होत नसतील तर तो आकडा निरर्थक असतो. एल्सिड इन्व्हेस्टमेंट्सचे फक्त २ लाख शेअर. भाव ३ रुपये ५३ पैशांवर अडकलेला, म्हणजे कागदावर कंपनीची किंमत सात लाख रुपये. तिच्याकडे हजारो कोटींचे एशियन पेंट्सचे शेअर होते, म्हणून त्या भावाला कुणी विकतच नव्हतं. २९ ऑक्टोबर २०२४ ला होल्डिंग कंपन्यांसाठीच्या खास लिलावात भाव निघाला २,२५,००० रुपये आणि त्याच दिवशी तो २,३६,२५० वर गेला. मार्केट कॅप ४,७२५ कोटी. आदल्या दिवसाच्या आणि त्या दिवसाच्या कंपनीत तसूभर फरक नव्हता.

उलट्या दिशेनेही हेच होतं, आणि ते जास्त महागात पडतं. बाहेर थोडेच शेअर असले की थोड्या पैशांत भाव रोज वरच्या सर्किटला (दिवसाच्या कमाल मर्यादेला) नेता येतो आणि ५० कोटींची कंपनी काही महिन्यांत १,००० कोटींची 'दिसते'. विकायला गेलात तर खालचं सर्किट, खरेदीदार शून्य.

म्हणून छोट्या कंपनीत मार्केट कॅपच्या शेजारी रोजची उलाढाल रुपयांत लिहा. महिन्याच्या रोजच्या उलाढालीचा मध्यांक (चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) घ्या, सरासरी नको, कारण एका मोठ्या सौद्याने सरासरी फुगते. डिलिव्हरीचं प्रमाण (त्याच दिवशी परत न विकता खरंच खात्यात गेलेले शेअर) एनएसईच्या पानावर मिळतं, त्याने गुणा. समजा रोजची उलाढाल २० लाख आणि डिलिव्हरी ५० टक्के, तर खरी देवाणघेवाण १० लाखांची. त्यात तुमचे ५ लाख विकायचे म्हणजे निम्मा बाजार तुम्हीच. रोजच्या १० टक्क्यांहून जास्त आपण विकायचं नाही असं धरलं तर पाच दिवस लागतील. मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाला विक्री) टाकू नका, स्क्रीनवर खरेदीदारांच्या पाचही ओळी बघून लिमिटच (स्वतः ठरवलेल्या भावाची ऑर्डर) टाका.

—

कॉलेजरोड_फंडवाली

फंडाचंही हेच मोजलेलं मिळतं. मार्च २०२४ पासून मिडकॅप आणि स्मॉलकॅप फंडांना दर महिन्याला स्ट्रेस टेस्टचे आकडे जाहीर करावे लागतात: पोर्टफोलिओचा २५ टक्के आणि ५० टक्के भाग विकायला किती दिवस लागतील. फंडाच्या आणि ॲम्फीच्या साइटवर असतात. त्याच तक्त्यात पैसे लार्ज, मिड, स्मॉल आणि रोकडीत किती टक्के आहेत तेही दिलेलं असतं, म्हणजे तुमच्या मूळ हिशोबाला हाच तक्ता पुरेल.

आता तो हिशोब. एक्सेलमध्ये चार रकाने करा: नाव, आजची तुमची रक्कम, ॲम्फीचा वर्ग, ॲम्फीचा क्रमांक. शेअर एकेका ओळीत. फंडाची ओळ एकच ठेवू नका, तक्त्यातल्या टक्केवारीने तिचे चार तुकडे करा. समजा फंडात २ लाख आहेत आणि तक्ता सांगतो मिड ६८, लार्ज १४, स्मॉल १२, रोकड ६ टक्के. मग १,३६,०००, २८,०००, २४,००० आणि १२,००० अशा चार ओळी. शेवटी वर्गाप्रमाणे बेरीज. वजन तुमच्या पैशांचं धरायचं, कंपनीच्या आकाराचं नाही. बॉश ३५,००० रुपयांनी १ लाख ३ हजार कोटींची भरते म्हणून तुमच्या पोर्टफोलिओत ती मोठी होत नाही. तुमच्याकडे तिचे दोनच शेअर असतील तर ओळीत ७० हजारच लिहा.

आणि बॉशसारख्या, सीमेच्या आसपास घुटमळणाऱ्या कंपन्यांसमोर खूण करून ठेवा. जानेवारी आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात नवी यादी येते तेव्हा फक्त त्याच ओळी तपासल्या तरी चालतं. ८० ते १२० आणि २२० ते २८० या क्रमांकांतल्या कंपन्याच बहुतेक वेळा इकडून तिकडे जातात.